हातचा

फेब्रुवारीची अठ्ठावीस. बाहेर उणे एकतीस.
फळ्यावर माझ्या नावापुढे सात गाड्या.
आठवी विकली तर बोनस,
नाहीतर नुसती पाठीवर थाप.

यॉर्कटनच्या हमरस्त्यावर आमचं शोरूम.
ती आली, पायपुसण्यावर
बुटांचा बर्फ मोजून चार वेळा झटकला,
आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस,
खुर्चीत सरळ बसलो.

मिस ह्रिंचुक. पाचवीचं गणित.
माझ्या वहीत लाल शाईनं
पानोपानी एकच वाक्य :
हातचा विसरलास, डॅरिल.

तिनं ओळख दाखवली नाही.
किल्ली टेबलावर ठेवली.
"ही द्यायची, ती निळी घ्यायची. काय पडेल?"

ही म्हणजे करडी, दोन लाख चौदा हजार किलोमीटर,
चाकांच्या कमानीला गंजाची किनार,
जाळीतून लोंबणारी इंजिन-हीटरची वायर,
मागच्या सीटवर शेपूच्या बियांचा वास.
मी आवारात एक फेरी मारली.
पहिला गियर, दुसरा,
तिसरा टाकायच्या आत कुंपण आलं.
परत फिरलो. थंडी फार होती.

मग कागद काढला. त्यावर उभी रेघ, आडवी रेघ.
चार खाने : नवीची किंमत, जुनीचं मोल,
आज रोख किती, महिन्याला किती.
एकोणीस वर्षं मी या चार खान्यांत
पाणी इकडून तिकडे ओतत आलोय.
गिऱ्हाईक ज्या भांड्याकडे बघतं ते भरायचं,
बाकीची कुठे गळतात ते सांगायचं नाही.

"हप्ता बघा," मी म्हणालो, "किती हलका बसतो!"
"हप्ता मी विचारला नाही."

जुनीचे तेवीसशे. ती हसलीसुद्धा नाही.
"मॅनेजरला विचारून येतो."

आता खरं सांगतो :
गॉर्ड बहिणीकडे गेलाय, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी.
खोली रिकामी. मी दार लावून उभा राहतो,
एकशेवीसपर्यंत आकडे मोजतो,
त्याच्या डब्यातलं एक बिस्किट खातो,
आणि कपाळावर आठ्या घालून बाहेर येतो,
मोठ्या मुश्किलीनं काहीतरी मिळवल्यासारखा.

"पस्तीसशे! फक्त तुमच्यासाठी."
आणि खाली बारीक अक्षरात
गंजरोधक लेप, अकराशे पंच्याण्णव.

तिनं पर्समधून पेन्सिल काढली. बोटभर उरलेली.
"या खान्यात बाराशे आले.
त्या खान्यातून पाच कमी बाराशे गेले.
म्हणजे मी इथे पाऊण तास बसले
त्याचे पाच डॉलर."

मी तोंड उघडलं.
"आणि त्या खोलीत कुणी नाही.
त्याच्या पार्किंगमधल्या बर्फावर
सकाळपासून चाकाची एक खूण नाही.
ओठाला चुरा लागलाय, पूस."

मी पुसला.
तिनं कागद उलटा केला, कोरी बाजू वर.
"पुन्हा मांड. या वेळी
हातचा राखून नाही."

मांडलं. रेघा न मारता.
खरी किंमत, खरं मोल, लेप वगळून.
बोनसमधले किती उरतील
तेही मनातल्या मनात मांडलं, ते फारसे नव्हते.
तिनं बेरीज दोनदा तपासली
आणि कोपऱ्यात, सवयीनं असेल,
बरोबरची बारीक खूण केली.

सह्या झाल्या. निळीची किल्ली घेऊन
ती दारापर्यंत गेली, मफलर गुंडाळला, वळली.
"करडी तिसऱ्या गियरला दचकते.
डिसेंबरपासून.
तू विचारलं नाहीस."

संध्याकाळी ती मागच्या आवारात न्यायला निघालो
तर मुद्दामच लांबून, पाण्याच्या टाकीवरून नेली.
रस्ता मोकळा. पहिला, दुसरा.
तिसऱ्याला सबंध गाडी अशी हिसकली
की डॅशबोर्डवरची पेन्सिल माझ्या मांडीवर पडली.
बोटभर. टोक केलेली.
विसरली असेल.
किंवा नसेलही.